पांझरेवर साबरमतीसारखं रिव्हरफ्रंट जमेल का?

प्रश्न असा होता की धुळ्यात पांझरेच्या दोन्ही काठांना अहमदाबादच्या साबरमतीसारखं रिव्हरफ्रंट करता येईल का, करायचं तर सुरुवात कुठून करावी, पैसा कुठून येईल, आणि एकट्या माणसाने त्यासाठी काय करावं. विचारणारा भाऊ देवपुरात राहतो, अहमदाबादला नातेवाईकांकडे जाऊन आला, तिथे संध्याकाळी नदीकाठी फिरला, आणि परत आल्यावर आपल्या पुलावरून खाली बघितलं तर डोकंच फिरलं त्याचं. वैताग रास्त आहे. मी आधी पाटबंधाऱ्याच्या कामांवर आणि नंतर गावोगावच्या नाले, गटारी, नदीकाठ असल्या कामांवर नोकरी आणि सल्लागिरी केलीय, जास्त करून खान्देशातच, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी थोडक्यात सांगून टाकतो. साबरमतीसारखं जमणार नाही, आणि पैसे मिळाले म्हणून जमवलं तरी ते करू नये. पण पांझरेचा काठ आजच्यापेक्षा खूप चांगला होऊ शकतो, फक्त त्याची सुरुवात नाल्याच्या तोंडापासून होते, काठाचं नंतर बघायचं.

साबरमतीचं नेमकं काय झालं ते बघू. कल्पना १९६० च्या दशकातली, त्यासाठी वेगळी कंपनी निघाली १९९७ ला, प्रत्यक्ष काम २००५ ला सुरू झालं आणि लोकांना फिरायला पहिला टप्पा मिळाला २०१२ ला. एकेका काठाला ११ किलोमीटरच्या आसपास लांबी. पात्र आधी कुठे रुंद कुठे अरुंद होतं ते सरसकट २६३ मीटरवर आणलं, भिंती घातल्या, भर टाकली आणि त्यातून दोनशे हेक्टर जमीन नवीन तयार केली, जिचा काही हिस्सा विकून खर्च भरून काढायचा असा हिशेब होता. आता पाण्याचं बघा. वर धरोई धरण आहे, त्यामुळे पावसाळा सोडला तर शहरापर्यंत नदीचं स्वतःचं पाणी जवळजवळ येतच नाही. तुम्ही जे भरलेलं निळंशार बघितलं ते नर्मदेच्या मुख्य कालव्यातून सोडलेलं आणि खाली वासणा बराजला अडवून धरलेलं पाणी आहे, म्हणजे नदीच्या आकाराचा एक लांबडा तलावच म्हणा. वासण्याच्या खाली कोणी नातेवाईक तुम्हाला फिरायला नेत नाही कारण तिथे शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी वाहतं.

पण एक काम तिथे खरंच चांगलं झालंय आणि त्याचे फोटो कोणी टाकत नाही. दोन्ही काठांनी जमिनीखालून मोठ्या इंटरसेप्टर लाइनी टाकल्या, नदीत थेट पडणारे नाले त्या लाइनीत घेतले आणि ते पाणी एसटीपीकडे, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या केंद्राकडे नेलं. तुम्हाला तिथे बसून भेळ खाताना वास आला नाही तो त्यामुळे. आपल्याकडची नेतेमंडळी अहमदाबादचा दौरा करून येतात तेव्हा बघून येतात टाइल्स, रेलिंग, लाइटचे खांब आणि कारंजं, आणि इथे येऊन त्याचंच टेंडर काढायचं बोलतात. भाकरी टाकायच्या आधी पंगत बसवल्यासारखं आहे ते.

आता आपली पांझरा. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या डोंगरात उगम, मग पिंपळनेर, पुढे साक्रीकडे कान नदी मिळते, मग धुळं, आणि धुळ्याच्या पुढे ती उत्तरेला वळते आणि मुडावदला तापीला जाऊन मिळते. धुळ्यात वर्षाला पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, वरच्या डोंगरात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून इथे आभाळ कोरडं ठणठणीत असताना नदीला पूर येऊ शकतो. वर लाटीपाडा, मालनगाव, जामखेडी, आणि शहराच्या वरच्या अंगाला अक्कलपाडा अशी धरणं. धरणं रिकामी असतात तोवर नदीत टिपूस नाही, धरणं भरली की दरवाजे उघडतात आणि एका रात्रीत दोन्ही थड्या भरून वाहते. आठ-नऊ महिने वाळवंट आणि दोन-चार दिवस राक्षस, हा तिचा स्वभाव आहे आणि तो आजचा नाही. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास इथे जिल्ह्याचं ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची पेठ वसवली, त्या शहरात १८७२ ला मोठा पूर येऊन घरादारांचं फार नुकसान झाल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. आणि ऑगस्ट २०१९ चा तर आपण सगळ्यांनीच बघितला, लहान पूल पाण्याखाली, काठच्या वस्त्यांमध्ये पाणी. त्यानंतर एका जुन्या माणसाने मला भिंतीवर हात ठेवून दाखवलं होतं, "भाऊ, आठलोंग पानी व्हतं." (आठलोंग म्हणजे इथपर्यंत.) असल्या खुणा मी नेहमी टेप लावून मोजून घेतो, कागदावरच्या मॉडेलपेक्षा त्या पुष्कळदा जास्त खऱ्या निघतात.

एक विषयांतर करतो पण ते कामाचं आहे. ह्याच पांझरेवर आणि तिकडे मोसम, आरम नद्यांवर फड पद्धत होती, तीनशे-चारशे वर्षं जुनी, काही ठिकाणी थोडीफार अजून आहे. नदीत बुटका दगडी बंधारा, काठाने पाट, पाटाखालचं सगळं शिवार तीन-चार फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बंधारा बुटका का, तर पुराला अडवायचंच नाही, पूर त्याच्या डोक्यावरून जाऊ द्यायचा आणि मागून उरलेलं पाणी पाटात घ्यायचं. शिवाय पाटकरी, हवालदार, जागले अशी माणसं नेमलेली, त्यांचं पोट गावाने बांधून दिलेलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची नोकरीची सुरुवात १८८४ च्या सुमाराला ह्याच भागातली, दातर्तीला त्यांनी पाण्याचा पाइप सायफन बांधला ते काम अजून लोक बघायला जातात. सांगायचा मुद्दा, ह्या नदीसोबत कसं राहायचं हे इथल्या लोकांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. पूर वरून जाऊ देणारं बांधकाम आणि त्याची देखभाल करणारा ठरलेला माणूस, ह्या दोन गोष्टी आजच्या कुठल्याही सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकात मला सापडत नाहीत.

बरं, नाल्याच्या तोंडाकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे.

मे महिन्यात सकाळी सहाला नदीत पडणाऱ्या कुठल्याही मोठ्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहा, तोंडाला रुमाल बांधून. पावसाचा थेंब नाही, तरी नाला वाहतोय, म्हणजे जे वाहतंय ते शंभर टक्के आपल्या घरातलं. सहाला पाणी करडं, बारीक धार. साडेसात-आठला धार दुप्पट-तिप्पट होते, साबणाचा फेस येतो, त्यात शाम्पूच्या पुड्या, केसांचे गुंते, दुधाच्या पिशव्या. तोंडापाशी वाळूत जिथे ते पाणी थांबतं तिथे काळी साय धरलेली असते आणि मधूनमधून खालून बुडबुडे येतात, तो खाली साचलेला गाळ कुजतोय, अंडं सडल्यासारखा वास त्याचाच. बगळे तिथेच, डुकरं तिथेच, आणि दहा पावलांवर कोणीतरी रेतीच्या पाट्या भरत असतो.

ते मोजायला फार मोठं यंत्र लागत नाही. नाल्याचा दहा मीटरचा सरळ तुकडा बघायचा, दोन टोकांना सुतळी बांधायची, लाकडाचा ढलपा टाकायचा आणि मोबाइलवर वेळ लावायचा. समजा वीस सेकंदात दहा मीटर गेला, म्हणजे वेग अर्धा मीटर, वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात चालतं म्हणून ०.८५ ने गुणायचं. नाला सव्वा मीटरला थोडा कमी म्हणजे १.२ मीटर रुंद आणि पाणी २५ सेंटीमीटर. गुणाकार केला की सेकंदाला १२७ लिटर येतात, हाच जोर चोवीस तास धरला तर दिवसाला एक कोटी लिटरच्या वर. अर्थात जोर चोवीस तास नसतो, म्हणून तासातासाला मोजायचं आणि सरासरी काढायची. आता आपल्याकडची गंमत अशी की नळाला पाणी रोज नसतं, ज्या भागाला आज पाणी आलं त्या भागाचा नाला आज फुगतो, कारण सगळ्यांचं धुणं, गोधड्या, गाड्या, अंगणं त्याच दिवशी. बाहेरगावचा कन्सल्टंट एका दिवसात येऊन मोजून जातो आणि त्याला पाण्याचा वार माहीतच नसतो, मग एसटीपी एकतर फार मोठा होतो नाहीतर फार लहान. निदान आठ-दहा दिवस सलग मोजणी हवी आणि त्यात प्रत्येक भागाचा पाण्याचा दिवस यायला हवा.

शहराचा एकूण हिशेबही घरबसल्या करता येतो. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाखाच्या आसपास होती. नियमाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. झालं रोजचं ४ कोटी लिटर, आणि हे जुन्या लोकसंख्येवर. खरोखर १३५ लिटर किती घरांना मिळतं हा वेगळा वाद, पण बोअरवेलचं पाणी मिळवलं तर आकडा फार चुकत नाही.

ह्यावर काय करायचं तर प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी एक बुटकी आडभिंत, तिच्या मागे लोखंडी जाळी, आणि कोरड्या दिवसांतलं पाणी बाजूच्या पाइपात वळवून एसटीपीकडे. पावसात नाला फुगला की पाणी आडभिंतीवरून नदीत जाईल, जाऊ द्या. फक्त पहिल्या पावसाचं पाणी सगळ्यात घाण असतं, वर्षभराचं रस्त्यावरचं ऑइल, गटारीतला गाळ सगळं त्यात, म्हणून मे अखेरीला नाले खरवडणं हे कागदावर न होता खरोखर झालं पाहिजे. आणि जाळीवरचा कचरा रोज काढणारा माणूस. हे वाचायला फालतू वाटतं पण मी बघितलेली अशी बहुतेक कामं जाळीपाशीच मेलीत. जाळी तुंबते, पाणी मागच्या वस्तीत शिरतं, लोक चिडून जाळी तोडतात, पाइप कचऱ्याने भरतो, संपलं. कोट्यवधीचा एसटीपी पुढे रिकामा उभा. एसटीपी बांधणं तसं सोपं असतं, ठेकेदारही हौसेने बांधतात, पण घराघरातलं कनेक्शन त्याच्या लाइनीला जोडणं हे किचकट, त्यात नाव नाही आणि शिव्या भरपूर. भुयारी गटारीसाठी रस्ते खोदले की काय होतं हे देवपूरवाल्यांना मी सांगायला नको.

आता ह्यातली माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट. ते ४ कोटी लिटर नीट साफ केलं की सेकंदाला साधारण ४६० लिटर होतं, म्हणजे १६ क्युसेक (सेकंदाला १६ घनफूट), आणि ते बारा महिने, एप्रिल-मेमध्येसुद्धा. चार मीटर रुंद आणि फूटभर खोल असा वाहता ओहोळ त्यातून पात्राच्या मध्यभागी राहू शकतो. नर्मदेचं पाणी मागायला नको, तापीचं पंप करायला नको. शहरात पांझरेला उन्हाळ्यात मिळू शकणारं बारमाही पाणी तेवढंच आहे आणि आज ते आपण घाण म्हणून सोडतोय. अट एकच, साफ म्हणजे खरंच साफ, कारण खाली न्याहळोद, बेटावद, मुडावदपर्यंत ह्या नदीकाठच्या विहिरींवर लोक आणि जनावरं जगतात. वासण्याच्या खाली जे झालं ते आपल्या खालच्या गावांना द्यायचं नसेल तर शहराच्या शेवटच्या पुलाखालचं पाणी दर महिन्याला तपासून आकडा जाहीर लावावा, लोकांना आपोआप कळेल काय चाललंय ते.

बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की बंधारे घालून पात्रात पाणी भरून ठेवा, बोटिंग करा. दिसायला छान आहे. पण हिशेब करू. पाच किलोमीटर लांब, ८० मीटर रुंद पाणी धरलं तर ४० हेक्टर. आपल्या मे महिन्याच्या उन्हात आणि वाऱ्यात रोज एक सेंटीमीटर पाणी उडतं असं धरा, रोजचे ४० लाख लिटर हवेत गेले, म्हणजे माणशी १३५ लिटरने तीस हजार माणसांचं पाणी. ज्या शहरात लोक टँकरची वाट बघतात तिथे हे कोण मंजूर करणार आणि का करावं. शिवाय नाले बंद न करता पाणी अडवलं की सहा महिन्यांत जलपर्णी आणि डासांची पैदास, मग ती काढायला वेगळं टेंडर.

त्याच्याऐवजी पात्रात वाळू राहू द्या. तेवढ्याच जागेत एक मीटर जाडीचा वाळूचा थर असेल तर त्यातून उपसता येण्यासारखं पाणी पाचवा हिस्सा धरलं तरी आठ कोटी लिटर होतं आणि वरचा थर सुकला की खालचं पाणी ऊन खात नाही. पूर्वी नदीत झिरे खणून बाया पाणी भरायच्या ते हेच पाणी. काठच्या विहिरी, हातपंप ह्याच्यावरच टिकतात. पण वाळू रात्रीतून जाते हे सगळ्यांना माहीत आहे, गिरणेचं काय झालंय ते जळगावकडच्यांना विचारा, तिथे सात बलून बंधाऱ्यांची (हवा भरून फुगवायच्या रबरी बंधाऱ्यांची) मागणी किती वर्षं चाललीय आणि तोवर पात्रातली वाळू उपसून उपसून खडक उघडा पडलाय. वाळू गेलेल्या नदीच्या काठावर लावलेली ग्रॅनाइटची बाकं बघायला मला तरी वाईट वाटतं.

आता भिंतीचा विषय, कारण रिव्हरफ्रंट म्हटलं की पहिली रिटेनिंग वॉल येते आणि वॉल आली की ती नेहमी थोडी आतच येते, पात्रात. शाळेतलं गणित आहे. समजा पात्र १०० मीटर रुंद, पुराचं पाणी ३ मीटर खोल आणि वेग सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ९०० घनमीटर, अंदाजे ३२ हजार क्युसेक. (हे आकडे समजावण्यापुरते.) दोन्हीकडून वीस-वीस मीटर खाऊन पात्र ६० मीटर केलं तर तोच पूर ४ मीटरच्या वर चढतो आणि वेग ३.७ च्या आसपास जातो. एक मीटर पाणी चढणं म्हणजे पुलाच्या पोटाला पाणी लागणं, ओंडके आणि बाभळी पुलाच्या खांबांत अडकणं, आणि मग पाणी पुलाच्या बाजूने वस्तीत. वाढलेला वेग भिंतीच्या पायथ्याची वाळू उपसतो, पाया उघडा पडतो आणि भिंत बसते. वरून नाले तर त्याच भिंतीतून नदीत सोडलेले असतात, नदीला पूर असताना नाल्याचं पाणी बाहेर पडू शकत नाही, उलटं नदीचंच पाणी नाल्यातून शहरात शिरतं. तोंडाला फ्लॅप गेट, म्हणजे फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप हवी, बसवतातही, पण त्यात दगड अडकून ती उघडीच राहते, परत तोच देखभालीचा माणूस.

भिंत घालायचीच असेल तर निळ्या रेषेच्या बाहेर घाला. पाटबंधारेवाले पूररेषा आखतात त्यात निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. लोक म्हणतात, पंचवीस वर्षांतून एकदा ना, बघू. तसं नसतं ते. दर वर्षी पंचविसात एक शक्यता, म्हणजे तीस वर्षं राहणाऱ्या माणसाला तो पूर एकदा तरी दिसण्याची शक्यता ७० टक्के. लाल रेषेचा पूरसुद्धा त्याच तीस वर्षांत दिसण्याची शक्यता चारात एक. होम लोन घेताना हा हिशेब बँक सांगत नाही आणि बिल्डर तर नाहीच नाही. साबरमतीच्या भिंती ४ लाख ७० हजार क्युसेकचा पूर धरून बांधल्यात, आणि तिकडे खाली आपल्याच तापीवर सुरतेत ऑगस्ट २००६ ला उकईतून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं तेव्हा बहुतेक शहर पाण्यात होतं. वर धरण आहे म्हणून खाली निर्धास्त, हा समज सुरतेने मोडीत काढलाय.

मग करायचं कसं? म्युनिकमध्ये इसार नावाची नदी आहे, गोट्यांची, डोंगरातून येणारी. तिला जुन्या काळी सरळ करून काँक्रीटच्या काठात कोंबली होती. २००० ते २०११ मध्ये आठ किलोमीटरमधलं ते काँक्रीट त्यांनी काढलं, काठ उतरते केले, पात्र रुंद केलं, मध्ये गोट्यांची बेटं होऊ दिली, वरच्या गावांच्या एसटीपीत पाणी निर्जंतुक करायची सोय केली, खर्च साधारण साडेतीन कोटी युरो. आज लोक उन्हाळ्यात त्या गोट्यांवर पथाऱ्या टाकून पडलेले असतात आणि पूर आला की उठून जातात. त्यांच्या नदीला आल्प्सचं बारमाही पाणी आहे, आपल्याला नाही, ते मान्य. पण काठ उतरता ठेवणं आणि पात्र मोकळं ठेवणं ह्याला आल्प्स लागत नाही.

आणि एवढ्या लांब कशाला, अमळनेरला जा. बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची समाधी आहे आणि वैशाखात यात्रा भरते ती पात्रातच. दुकानं, पाळणे, भांड्यांचे ढीग, रसवंत्या, सगळं वाळूवर. पावसाळ्याच्या आधी सगळं उचललं जातं आणि नदी मोकळी. कुठला आर्किटेक्ट नाही, कुठला डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) नाही, आणि नदीकाठाचा वापर म्हणजे काय हे मला तरी ह्याच्यापेक्षा चांगलं कुठे बघायला मिळालेलं नाही. आपल्याकडेही एकवीरा देवीची यात्रा आहे, गणपती विसर्जन आहे, दशक्रियेची जागा आहे, पोरांचं क्रिकेट आहे. हे सगळं पात्रातल्या कोरड्या जागेचे वापर आहेत. त्यांना पायऱ्या, पाणी, सावली, संडास आणि कचऱ्याची गाडी द्या. पात्रात जे ठेवाल ते एकतर जूनआधी उचलता आलं पाहिजे, नाहीतर पूर डोक्यावरून गेला तरी जागेवर राहील असं दगडी आणि बुटकं पाहिजे. टाइल्स, पेव्हर ब्लॉक, फायबरचे प्राणी, लॉन, ह्यातलं काही नको. एका पुरात पेव्हर ब्लॉक सुटे होऊन खालच्या शेतात सापडतात.

पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते तर आधीच झालेत, त्यावरून शहरात पुष्कळ भांडणं झाली, ती मी इथे उकरणार नाही. पुलाची गर्दी कमी व्हायला त्याचा फायदा झाला हे खरं आणि रस्ता भरावावर असल्याने पाण्याची वाट थोडी आवळली गेली हेही खरं. झालेला रस्ता कोणी उखडणार नाही. मग त्यातून काढता येईल तेवढं काढू: रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या पुरेशा आहेत का ते तपासणं, रस्त्याच्या नदीकडच्या उतारावर जाळीतले दगड आणि झाडं, काही टप्प्यांत संध्याकाळी गाड्या बंद. रस्त्यापासून नदीपर्यंत उतरायला दर अर्ध्या किलोमीटरला पायऱ्या आणि एखादा रॅम्प. आज नदीकाठी रस्ता आहे पण नदीपर्यंत जायला वाट नाही, म्हातारं माणूस उतरूच शकत नाही.

झाडं. आपल्याकडे लगेच पाम आणि गुलमोहर. नदीकाठाला करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, खालच्या ओलीत वाळुंज, निर्गुडी, आणि अगदी पाण्याच्या कडेला लव्हाळं राहू द्या, ते उपटून स्वच्छता केली असं दाखवू नका. वेडी बाभूळ मात्र काढा, मुळासकट.

काठावर राहणाऱ्यांचं काय, हा भाग लोक शेवटी बोलतात किंवा बोलतच नाहीत. साबरमतीत दहा हजारांच्या वर कुटुंबं हलवावी लागली, पुष्कळांना घर मिळालं पण लांब मिळालं, आणि ज्याची मजुरी, हातगाडी, धुणीभांडी जुन्या जागेच्या आसपास होती त्याला रोजचं भाडं परवडेना. निळ्या रेषेच्या आतल्या घरांना हलवावं लागेल ह्याबद्दल माझं दुमत नाही, दर पुरात त्यांची भांडीकुंडी वाहून जातात आणि जीवही जातात. पण हलवायचं तर दोन-तीन किलोमीटरच्या आत, आणि एकाच नियमाने. गरिबाची झोपडी अतिक्रमण आणि त्याच रेषेच्या आत भर टाकून उभं केलेलं मंगल कार्यालय म्हणजे विकास, असं झालं की लोक पोलीस बंदोबस्तात सुद्धा हलत नाहीत आणि मला त्यात त्यांची चूक वाटत नाही. राडारोडा टाकणाऱ्या ट्रॅक्टरला दंड करायला तर पुनर्वसनही लागत नाही, पात्र अरुंद व्हायची सुरुवात बहुतेक ठिकाणी ह्या ट्रॅक्टरनेच होते, आज दोन ट्रॉल्या, पुढच्या वर्षी तिथे पत्र्याचं शेड.

पैशाचं विचारलंत म्हणून, जमीन विकून खर्च काढायचं अहमदाबादचं गणित इथे चालत नाही. तिथे नदी अडीचशे मीटरच्या वर रुंद आणि जमिनीला भाव. इथे पात्रातून जमीन काढायची म्हणजे पूर लोकांच्या घरात ढकलायचा. पैसा नाल्यांसाठी आणि एसटीपीसाठी मागा, त्याला केंद्राच्या, राज्याच्या योजना असतात, आणि वीजबिलासकट किमान दहा वर्षांची देखभाल त्याच टेंडरमध्ये धरायला लावा. निदान ठेकेदाराला जाळी तुंबली तर बिल अडेल हे माहीत असलं पाहिजे.

तुम्ही एकटे काय करू शकता असं विचारलं होतं. दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जलसंपदा खात्याकडून पांझरेच्या शहरातल्या पट्ट्याचा निळी-लाल रेषा दाखवणारा नकाशा मागा, तो कुठल्या साली आणि कुठला पूर धरून आखलाय हेही. महापालिकेकडून नदीत पडणाऱ्या नाल्यांची यादी आणि प्रत्येकाची मोजणी कधी केली त्याच्या तारखा. एसटीपी चालू असेल तर आत येणाऱ्या पाण्याचा आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा बीओडी (पाण्यात कुजणारी घाण किती ते सांगणारा आकडा), शिवाय गेल्या वर्षभराची वीजबिलं, कारण पंप चालले की नाही हे बिलावरून लगेच कळतं. नकाशा मिळाला की आपल्या गल्लीतल्या २०१९ च्या पाण्याच्या खुणा त्यावर मांडून बघा. खुणा रेषेच्या बाहेर पडत असतील तर ते फोटो आणि मापं घेऊन आधी पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात जा, सुशोभीकरणाची हरकत नंतर नोंदवता येईल.